शंका आणि उत्तरे : बार्ज अडवणाऱ्या नायकाची ताकद

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी मुले चित्रकथा काढत आहेत. त्यातला नायक मांडवीतून खनिज घेऊन चाललेली बार्ज दोन हातांनी अडवतो. गतिज ऊर्जेच्या सूत्राने त्याची ताकद काढता येईल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : येईल, पण ऊर्जेचा आकडा काढून थांबू नका. मालासकट बार्ज 2,000 टनांची, म्हणजे 20 लाख किलोची धरू आणि वेग ताशी 8 किमी. पुष्कळ जण हाच 8 सूत्रात घालतात आणि उत्तर जवळजवळ तेरापट फुगते. आधी 3.6 ने भागून मीटर प्रतिसेकंद करा : 2.22. त्याचा वर्ग 4.94, त्याला वस्तुमानाने गुणून निम्मे केले की सुमारे 49 लाख जूल.

हा आकडा पाहून मुले हिरमुसतील. एक किलो टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा 41.84 लाख जूल धरतात, म्हणजे ही जेमतेम 1.2 किलो झाली. दीडशे मिलिलिटर पेट्रोल जळले तरी एवढी उष्णता निघते. तरीही नायक दुबळा ठरत नाही, कारण त्याची कसोटी थांबवण्याच्या अंतरात आहे. ऊर्जेला त्या अंतराने भागले की सरासरी बल मिळते. बार्ज 20 मीटर सरकत थांबली तर सुमारे 25 टन वजनाएवढे बल पुरते. 2 मीटरमध्ये थांबवायची तर 250 टन, आणि अर्ध्या मीटरमध्ये तब्बल 1,000 टन. म्हणून दोन चौकटींमध्ये बार्ज किती सरकली ते पट्टीने मोजा. मोजमापासाठी नायकाचीच उंची घ्या, मात्र तो बार्जला टेकलेला असेल तीच चौकट निवडा. पुढे-मागे उभा असेल तर प्रमाण चुकते.

आता पाय. 80 किलोच्या माणसाला कोरड्या काँक्रीटवर घर्षणाचा आधार फार तर 600-650 न्यूटन. इथे गरज जवळजवळ 25 लाख न्यूटनची (2 मीटरच्या उदाहरणातले 250 टन). स्नायू कितीही बळकट असोत, तो मागे घसरत जाईल. त्याची पाठ जेटीच्या भिंतीला टेकवा. तळहातांचेही तेच : 8 मिमीच्या पोलादी पत्र्यावर दोन पंज्यांतून एवढे बल आले तर पत्रा फाटून हात आत जातील. हात आणि बार्ज यांच्यामध्ये आडवी जाड तुळई द्या, म्हणजे बल आतल्या फासळ्यांवर वाटले जाईल. असे तपशील चित्रात आले की वाचक नायकावर विश्वास ठेवतो.

प्रश्न : माझा नायक पणजीहून मडगावला एका मिनिटात धावत जातो. त्याची ऊर्जा 1 कोटी जूल आली. बरोबर आहे का? (दहावीतील विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : तुझा हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. रस्त्याने सुमारे 33 किमी, म्हणजे 550 मीटर प्रतिसेकंद. 70 किलोला 1.06 कोटी जूल. मात्र हा नुसता वेग घेण्याचा खर्च झाला. ध्वनीच्या दीडपटीहून जास्त वेगाने हवा कापायची तर समोरचे क्षेत्रफळ 0.6 चौ. मीटर आणि रोधगुणांक (आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) 1 धरून रोध सुमारे 1.09 लाख न्यूटन येतो. त्याला 33,000 मीटरने गुण : जवळजवळ 360 कोटी जूल, तुझ्या उत्तराच्या 340 पट! शिवाय 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर त्याला स्वतःच्या वजनाच्या 300 पट बल बाजूने लागेल. पाय रस्ता धरणारच नाहीत, तेव्हा वळणाआधी वेग कमी कर.

प्रश्न : प्रकाशाच्या जवळच्या वेगाला हेच सूत्र चालते का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : प्रकाशवेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत चूक एक टक्क्याच्या आत राहते. 90 टक्क्यांवर खरी ऊर्जा या सूत्राच्या 3.2 पट, 99 टक्क्यांवर 12 पट. तिथे सापेक्षतेचेच सूत्र वापरा.

प्रश्न : चित्रात घड्याळ नसते. मग वेळ कशी ठरवायची? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : त्याच प्रसंगात खाली पडणारी वस्तू शोधा. माडावरून सुटलेला नारळ पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर पडतो, अर्ध्या सेकंदात 1.2 मीटर. अंतराच्या दुपटीला 9.8 ने भागून वर्गमूळ घेतले की वेळ मिळते. चित्रपट असेल तर नेहमीच्या 24 चौकटींना एक सेकंद धरा. संथ गतीचा भाग सोडून द्या. वेळ 0.5 ऐवजी 0.4 सेकंद वाचली तर वेग सव्वापट होतो आणि ऊर्जा दीडपटीहून जास्त, कारण वेगाचा वर्ग होतो. म्हणून उत्तर एकाच आकड्यात देऊ नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही लिहा. आणि एका प्रसंगातून अंदाजे काढलेला वेग दुसऱ्या प्रसंगातल्या वस्तुमानाला जोडू नका.