वेताळ, वाडा आणि हिरवा पडदा: पहिल्या फँटसी लघुपटाचे प्रश्न

कमी खर्चात पहिला फँटसी लघुपट करू पाहणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

कॉलेजच्या ग्रुपने बारा मिनिटांचा लघुपट लिहिलाय. त्यात वेताळ आहे, डोंगरावरचा वाडा आहे, दोन सैन्यांची लढाई आहे आणि नदीतून वर येणारी देवी आहे. हातात चाळीस हजार रुपये आणि एक डीएसएलआर. सुरुवात कुठून करायची? (सांगली)

आधी लढाई काढा. वीस जणांचं सैन्य म्हटलं की वीस जणांची ड्रेपरी (कपडेपट), वीस ढाल-तलवारी, वीस जणांचा चहा-नाश्ता-जेवण आणि गाडीभाडं आलं. एवढं करूनही पडद्यावर वीसच माणसं दिसणार. लढाई ऐकवा: धुरातून धडपडत बाहेर येणारा एक जखमी शिपाई दाखवा आणि मागे फक्त आवाज ठेवा. वेताळ आणि वाडा राहू द्या, गोष्टीचा जीव त्यांच्यातच आहे. देवीसाठी पाण्यात उतरावं लागेल. पोहणारा जाणकार माणूस सोबत नसेल तर तो प्रसंग काठावर आणा.

मग संहिता घेऊन बसा आणि चमत्काराचा प्रत्येक शॉट वेगळा लिहून काढा: काय दिसायला हवं, ते कसं करणार, किती सेकंद टिकणार. बारा मिनिटांत असे पंधराच्या वर शॉट ठेवू नका आणि एकेक दोन-तीन सेकंदांत संपवा. त्यापुढे प्रेक्षकाची नजर सांधा शोधायला लागते. प्रत्येक युक्ती चित्रीकरणाच्या आधी त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने करून, मोठ्या स्क्रीनवर पाहून घ्या. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळंच खरं वाटतं.

पैशांतून जेवण आणि प्रवास पहिल्यांदा बाजूला काढा, कारण ती रक्कम कमी करता येत नाही. एक दशांश रक्कम फेरचित्रीकरणासाठी हात न लावता ठेवा. उरेल त्यात कपडेपट, रंगभूषा आणि सामान. माणसं कमी पडत असतील तर एका नटाला दोन भूमिका द्या. 1917च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही होते. दोन्ही भूमिका एकाच चौकटीत आणल्या नाहीत तर साधा कट पुरतो.

वाड्याचं मॉडेल करून कॅमेऱ्यासमोर ठेवलं, मागे खरा डोंगर आहे. पण वाडा खेळण्यासारखा दिसतो. काय चुकतंय? (चिपळूण)

पद्धत योग्य निवडली आहे, ती सोडू नका. पहिल्यांदा करणाऱ्यांनी वाडा संगणकावर उभारण्यापेक्षा हेच करावं असं आमचं ठाम मत आहे. खरा उजेड मॉडेलवर आणि डोंगरावर एकाच सूर्याचा पडतो, तो जुळवायला वेगळं काही करावं लागत नाही.

हिशोब सरळ आहे. एक दशांश मापाचं मॉडेल लेन्सपासून दोन मीटरवर ठेवलं तर ते वीस मीटरवरच्या खऱ्या वाड्याइतकं दिसतं. नट वाड्याच्या दारात उभा आहे असं भासवायचं असेल तर तोही वीस मीटरवर हवा.

खेळणं दिसण्याचं पहिलं कारण फोकस. मॉडेल स्पष्ट आणि डोंगर धूसर, किंवा उलट झालं की डोळ्याला लगेच कळतं. डीएसएलआरचा सेन्सर एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान, बहुतेक स्वस्त डीएसएलआरमध्ये असतो तो) असेल तर 18 मिमी लेन्स, छिद्र (ॲपर्चर) एफ/11 आणि फोकस दीड मीटरवर ठेवा. साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/11ला भरपूर ऊन लागतं, म्हणून हे काम सकाळी नऊच्या आसपास करा. उजेड पुरेसा असतो आणि बाजूने आल्यामुळे भिंतींना उठाव मिळतो. मोबाइल वापरत असाल तर मुख्य लेन्स घ्या, झूमची नको, आणि फोकस चारेक मीटरवर लॉक करा.

दुसरं कारण कॅमेऱ्याची उंची. वाडा डोंगरावर आहे, म्हणजे आपण तो खालून बघतो. छपराची वरची बाजू एकदा दिसली की सगळं संपलं. कॅमेरा खाली घ्या आणि मॉडेल स्टँडवर इतकं उचला की त्याचा पाया डोंगराच्या कडेवर बरोबर टेकलेला दिसेल. सांध्यावर माती, बारीक खडी आणि वाळलेल्या गवताचे तुरे टाका. खऱ्या रोपांच्या फांद्या लावू नका, एक पान खिडकीएवढं दिसतं.

तिसरं कारण पृष्ठभाग. खरा चिरा फूट-सव्वा फूट लांब असतो, म्हणजे या मॉडेलवर तो तीन-साडेतीन सेंटिमीटरचा हवा. बहुतेक जण दुप्पट मोठे चिरे काढतात आणि वाडा झोपडीएवढा होतो. भिंती 5 मिमी सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या शीटच्या) करा, चिऱ्यांच्या रेघा बोथट सुरीने दाबून काढा, वर पातळ फेविकॉल लावा आणि तो ओला असतानाच जांभ्याचा भुगा चहाच्या गाळणीतून भुरभुरवा. चिपळुणात भुगा हवा तेवढा मिळेल, आणि रंग आपोआप मागच्या मातीशी जुळेल. शेवाळासाठी काळपट हिरवा रंग स्पंजने, पाणी निथळेल अशा जागीच टिपा. दारं-खिडक्यांच्या आत काळा रंग देऊ नका. लांबच्या वस्तूवर हवेचा निळसर पडदा असतो, त्यामुळे लांबचं काळं हे करडं दिसतं. सगळ्या मॉडेलवर शेवटी पाणीदार निळसर-करड्या रंगाचा हलका हात फिरवा.

आणि ट्रायपॉड हलवायचा नाही. कॅमेरा एक सेंटिमीटर सरकला तरी वाडा डोंगरावरून घसरतो. पॅन हवाच असेल तर कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बदलावा लागतो. एक काठी जवळ आणि एक लांब, दोन्ही एका रेषेत उभ्या करा. कॅमेरा ट्रायपॉडच्या डोक्यावर पुढे-मागे सरकवत पॅन करून बघा. काठ्या एकमेकींमागून बाहेर डोकावेनाशा झाल्या की ती जागा पक्की करा.

वाडा कोसळायचा असेल तर वेग वाढवून टिपा: मॉडेल खऱ्यापेक्षा जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले 25. एक चतुर्थांश मापाला सेकंदाला 50 फ्रेम्स, एक सोळांश मापाला 100. चालवायचं 25नेच, तरच ढिगाऱ्याला वजन येतं. पाणी आणि आग मात्र या हिशोबाला जुमानत नाहीत. थेंब आणि ज्वाला लहान होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मॉडेल निदान एक चतुर्थांश मापाचं करा.

हिरव्या पडद्यापुढे भुताचे शॉट घेतले. केसांभोवती हिरवी कडा येते आणि नऊवारीचा काठच गायब होतो. (नाशिक)

संकलनात संगणक हिरवं ते सगळं पुसून टाकतो. काठ गायब होतो कारण तो हिरवा आहे, किंवा काठाची जर पडद्याचा हिरवा उजेड परत फेकतेय. हिरवं लुगडं बदलता येत नसेल तर पडदा निळा घ्या. केसांची कडा दोन गोष्टींतून येते. पहिली, नट पडद्याला चिकटून उभा आहे. निदान सात-आठ फूट पुढे आणा आणि मागून, थोडा वरून, एक साधा पांढरा दिवा खांद्या-केसांवर टाका. तेल लावलेले केस हिरवं जास्त पकडतात, त्या दिवशी तेल नको. दुसरी, कॅमेरा रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीपेक्षा खूप कमी साठवतो, त्यामुळे कडा दातेरी निघते. 4केमध्ये चित्रित करा आणि शेवटचा लघुपट 1080त काढा, बराच फरक पडतो.

पडदा मांजरपाटासारख्या, चमक नसलेल्या सुती कापडाचा घ्या. सॅटिन नको. इस्त्री करून, चारही बाजूंनी ताणून बांधा. त्याला स्वतंत्र दोन दिवे, डाव्या-उजव्या बाजूने. तपासायची खूण: नुसता पडदा चौकटीत घेऊन हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बघा. एकच अरुंद सुळका दिसला तर उजेड सारखा आहे, पसरट टेकडी दिसली तर कोपरे काळे पडताहेत. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 ठेवा, नाहीतर एलईडी दिवे लुकलुकतात.

पण तुमचं भूत अर्धपारदर्शक आहे. त्याला हिरवा पडदा कशाला? कॅमेरा घट्ट बांधा, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. आधी रिकामी खोली टिपा, मग तिथेच नटाला चालवा, आणि संकलनात दुसरा थर निम्म्यावर आणा. तुमच्या जवळच्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळी हेच फिल्मवर, कॅमेऱ्यातच, दोनदा एक्स्पोजर देऊन व्हायचं.

याहून देखणा परिणाम काचेने मिळतो. फोटोफ्रेममधली ए-3 आकाराची काच लेन्सच्या अगदी पुढे 45 अंशांत धरा. काच लेन्सजवळ असल्याने छोटी पुरते. भूत झालेला नट बाजूला, काळ्या कापडापुढे उभा करा आणि फक्त त्याच्यावर जोरदार दिवा टाका. साधी काच जेमतेम एक दशांश उजेड परत फेकते, म्हणून समोरची खोली अंधारी आणि नटावरचा दिवा प्रखर हवा. डिमर फिरवला की भूत कॅमेऱ्यासमोर उगवतं आणि विरतं, समोरच्या नटालाही मॉनिटरवर ते दिसतं, त्यामुळे नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच येत नाही. काच 2 मिमीची घ्या, जाड काचेत प्रतिमा दुहेरी येते.

थर्माकोलच्या मुकुटावर सोनेरी स्प्रे मारला, तो वितळला. वेताळाचा चेहराही उन्हात निघून आला. (नागपूर)

स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं, उग्र वासाचे रबरी गोंदही तेच करतात. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, मग रंग. सोनेरी थेट लावू नका. आधी गडद तपकिरी, त्यावर सोनेरी, शेवटी पातळ तपकिरी रंग खोबणीत सोडून वरचा पुसून घ्या. वाकवायच्या चिलखतासाठी चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे ईव्हीए फोम विचारा. 5-6 मिमीचा घ्या आणि पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत हीटगन फिरवा, मग तो रंग शोषत नाही.

चेहरा जिलेटिनचा असणार. नागपूरच्या उन्हात आणि घामात तो टिकत नाही. कागदाच्या लगद्याचा मुखवटा करा. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातले लगद्याचे मुखवटे बघा: मोठे डोळे, ठळक नाक, लांबूनही ओळखू येणारा भाव. ते अभ्यासा, पण पूजेतला मुखवटा सामान म्हणून मागू नका. आत कपाळाला आणि गालांना स्पंज लावा, नाकपुड्या खऱ्याच उघड्या ठेवा. लॅटेक्स वापरणार असाल तर आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, काहींना त्याची ॲलर्जी असते.

रात्रीचं जंगल, धुकं, चांदणं हवंय. दिवे नाहीत. (ठाणे)

दिवसा करा. सूर्य नटाच्या मागे ठेवा, चौकटीत आकाश येऊ देऊ नका, व्हाइट बॅलन्स बल्बच्या उजेडावर म्हणजे 3200ला ठेवा आणि दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी एक्स्पोज करा. पानांच्या कडा चांदण्यासारख्या उजळतात. धुकंही मागूनच उजळलं पाहिजे, समोरून उजेड पडला तर पांढरा कागद दिसतो. वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर, धूर टिकतो.

धुक्यासाठी कोळशावरची धुरी फक्त उघड्यावर. बंद खोलीत कोळशावरचा धूर जीवघेणा ठरतो. ड्राय आइस गरम पाण्यात टाकला की जमिनीलगत सुंदर पसरतो, पण तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि खालीच साचतो. त्या धुक्यात कुणालाही, विशेषतः लहान मुलाला, झोपवू नका. जाड हातमोज्यांशिवाय तुकडा उचलू नका.

किल्ल्यावर घोडा घेऊन चित्रीकरण करायचं तर कुणाला विचारायचं? (कोल्हापूर)

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, ते आधी शोधा आणि त्या कार्यालयात लेखी अर्ज करा. रान वनखात्याचं असेल तर त्यांचीही परवानगी लागेल. घोड्यासाठी भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. पहिल्या लघुपटात घोडा टाळा, टापांचा आवाज आणि उडणारी धूळ पुरते. नकली तलवारी घेऊन उघड्यावर फिरणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र देऊन ठेवा.

वेताळाचा आवाज ॲपने जाड केला, तर रोबोसारखा येतो. (पुणे)

नुसता स्वर उतरवलात, म्हणून. नटाला मुळातच हळू, पोटातून आणि भरपूर श्वास सोडत बोलायला लावा. मुखवट्यातलं बोलणं घुमट येतं, त्यामुळे संवाद नंतर शांत खोलीत डब करा, पांघरुणं टांगून. तीन थर करा: मूळ आवाज, तोच तीन-चार सुरांनी उतरवलेला, आणि तिसरा म्हशीच्या हुंकाराचा किंवा डुकराच्या घुरघुरण्याचा. तिसरा फक्त शब्दांच्या मधल्या जागांत आणि श्वासांवर ठेवा. मूळ थराचा आवाज सगळ्यांत मोठा ठेवला नाही तर शब्द कळत नाहीत. आणि चित्रीकरणाच्या प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. डब केलेला संवाद त्या थरावर बसला की तो वेताळ त्याच जंगलात उभा असल्यासारखा ऐकू येतो.