बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागावर बसणारा जीवाणूंचा बुळबुळीत थर, होऊच नये म्हणून नैसर्गिक उपाय पुरतात की रसायनेच लागतात?

दोन्ही उपयोगी आहेत, पण थर बसण्याआधीच. एकदा घट्ट बसला की आधी घासून काढायचा आणि मगच जंतुनाशक लावायचे, हा क्रम उलटा करू नका. कारण जीवाणू पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा बुळबुळीत थर विणतात. या थरातल्यांना मारायला मोकळ्या जीवाणूंच्या तुलनेत प्रतिजैविकाची मात्रा कधीकधी १००० पटीपर्यंत लागते. चिकटणे रोखण्याची सर्वांत हुशार युक्ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या डेलिसिया पुल्क्रा या लाल समुद्री शैवालाकडे आहे. त्यातली फ्युरॅनोन संयुगे जीवाणूंचा आपापसांतला रासायनिक संवाद, म्हणजे कोरम सेन्सिंग, बिघडवतात. जीवाणू मरत नाहीत, फक्त त्यांची एकजूट होत नाही. लसणातले अजोईनही याच संवादात खोडा घालते. कृत्रिम उपायांत चांदीचा किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा लेप दिलेली कॅथेटर (शरीरात घालायच्या नळ्या) येतात, शिवाय पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे थर आणि शार्कच्या कातडीवरून बेतलेले सूक्ष्म खाचांचे पृष्ठभाग. मला हा शेवटचा प्रकार आवडतो, त्यात विषच नाही! मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असे धरून चालू नका: हीच ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन माणसांवर वापरण्यासाठी फार विषारी ठरली, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत चाललेला अर्क शरीरात किंवा पाइपात तसाच चालेल असे नाही.