लघुकथेतलं कथानक आणि व्यक्तिचित्रण यांचा अभ्यास कसा करावा?

कथानकाचे मुद्दे एकीकडे आणि पात्रांचे स्वभाव दुसरीकडे असं लिहून काढलं, तरी कथा हाती लागत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मला वाटतं, अडचण त्या वाटणीतच आहे. कथेच्या प्रत्येक वळणावर थांबून विचारा: इथे दुसरं कुणी असतं, तर गोष्ट अशीच पुढे गेली असती का?

फ्रेंच कथाकार मोपासांची 'नेकलेस' (१८८४) घ्या. कारकुनाची बायको मातिल्द समारंभासाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते. तो हरवतो. नवरा-बायको ३६,००० फ्रँकांचा तसाच हार घेऊन परत करतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. मग कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा.

सगळे या शेवटावर लिहितात. मला मात्र त्याच्या कितीतरी आधीची एक जागा मोलाची वाटते. पहाटे चारला दोघं समारंभातून निघतात. नवरा तिच्या खांद्यांवर रोजचे साधे कपडे घालतो. आजूबाजूच्या बायका फर गुंडाळून घेताहेत. आपल्याला कुणी असं पाहू नये म्हणून ती झपाझप जिना उतरते. 'थांब, गाडी आणतो' हे नवऱ्याचं म्हणणंही ऐकत नाही. हार कुठे पडला हे मोपासां सांगत नाही, पण ही घाई कथेत उगाच आलेली नाही. पुढे 'हाराचा फासा तुटला, दुरुस्तीला दिलाय' असं मैत्रिणीला खोटंच कळवलं जातं, शोधायला वेळ मिळावा म्हणून; खरं सांगणं मात्र होत नाही. खरं सांगितलं असतं, तर कथा तिथेच संपली असती.

म्हणून मातिल्दला 'हावरट बाई' ठरवून मोकळं होऊ नका. जो ताठा खरं बोलू देत नाही, त्याच ताठ्यावर ती दहा वर्षं भांडी घासते, पाणी वाहते आणि पै न् पै फेडते. श्रीमंत मैत्रीण परत आलेली डबी उघडूनही पाहत नाही. या एका वाक्यात तिचा स्वभाव दिसतो आणि रहस्यही टिकतं.

हे जमलं की प्रेमचंदांची 'ईदगाह' वाचा. तिथे तुलना लेखकानेच करून ठेवली आहे: जत्रा एकच, पण बाकीची पोरं खेळणी घेतात आणि हमीद तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. शाळेत त्याला गुणी बाळ म्हणून शिकवतात. तुम्ही मात्र चिमटा घेतल्यानंतरचा पोरांचा वाद नीट वाचा. हमीद तिथे चांगलाच तिखट आहे, आणि त्या तिखटपणामुळेच तो खरा वाटतो.