दूध, लोणी, अंडी न घालता ओव्हनमध्ये फळांचं सोपं गोड काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला दुधाची ॲलर्जी आहे, वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, आणि बिनदुधाचा केक दोनदा केला तो दोन्ही वेळा मधोमध बसला. तर पहिलं सांगते, आत्ता केकच्या मागं लागू नका. दूध-अंडं काढलं की केकचं सगळं गणित बदलतं आणि ते हातात बसेपर्यंत चार-पाच केक वाया जातात, तेवढा वेळ तुमच्याकडं नाही. क्रंबल करा. खाली फळांच्या फोडी, वर भुरभुरीत पीठ, ओव्हनमध्ये पाऊण तास. त्यात फुगायचं असं काही नसतंच, मग बसणार काय? माझ्या भाचीला हीच ॲलर्जी आहे, पाच-सहा वर्षं मी तिच्यासाठी हेच करतेय, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी, साध्या छोट्या ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये.

मूळ पदार्थ इंग्रजांचा, ते लोणी घालतात. पण तुम्ही करंजी-शंकरपाळीला मोहन घालून पीठ चोळता ना, वरचा थर म्हणजे अगदी तेच, फक्त मोहन भरपूर. १२० ग्रॅम पीठ, ६० ग्रॅम खोबरेल, ६० ग्रॅम किसलेला गूळ, चिमूटभर मीठ. पीठ मी दोन भाग कणीक आणि एक भाग जोंधळ्याचं घेते, जोंधळ्याला चिकटपणा नसतो त्यामुळं थर खुसखुशीत होतोय, नुसत्या मैद्यापेक्षा मला हेच आवडतं. शिवाय मूठभर काजूचा भरडा, आजरा-चंदगडकडचे तुकडा काजू आपल्याकडं मिळतातच, नसतील तर शेंगदाण्याचं जाडसर कूट.

खोबरेल म्हणजे खायचं बरं का, बाटलीवर खाद्यतेल लिहिलेलं बघून घ्या. ते साधारण २४-२५ डिग्रीला वितळतं, म्हणून थंडीत आपोआप घट्ट असतं आणि उन्हाळ्यात पाणी होतं. उन्हाळ्यात असेल तर वाटी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, लोण्यासारखं झालं पाहिजे. पातळ तेल घातलं की पीठ ते पिऊन टाकतं आणि सगळा थर वाळूसारखा होतो, घट्ट असलं की बोटांनी चोळताना वाटाण्याएवढ्या गाठी राहतात आणि त्याच गाठी भाजून कुरकुरीत होतात. बोटांच्या टोकानंच चोळा, तळहात लावला की हाताच्या उबेनं वितळतं. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटली पाहिजे, झालं. खोबऱ्याचा वास आवडत नसेल तर घाण्यावरचं शेंगतेलही चालेल, पण ते घट्ट होत नाही म्हणून १५ ग्रॅम कमी घाला आणि काजू वाढवा.

आता फळं. अर्धा किलो फोडी लागतात, साल-बिया काढून. मला सगळ्यात आवडतं ते निम्मं सफरचंद निम्मा पेरू, कारण दोन्हीत पेक्टिन, म्हणजे रस दाटवणारा फळातलाच घटक, भरपूर असतो, रस आपोआप जॅमसारखा दाटतो. पेरूचा मधला बियांचा गोळा चमच्यानं काढून टाका, नाहीतर खाताना दातात येतंय. उन्हाळ्यात असाल तर पाडाचा आंबा, म्हणजे पिकायला लागलेला पण अजून आंबट आणि टणक असलेला, तो घ्या, मेथांब्याला घेतो तसा. पूर्ण पिकलेला हापूस भाजून वाया घालवू नका. अननस घेतला तर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. केळी नको, काळी पडतात आणि लगदा होतो. फोडींना तीन चमचे गूळ, एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा कॉर्नफ्लॉवर आणि थोडं जायफळ लावा, फळ आंबट असेल तर गूळ वाढवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला आंबट फळ लागलं की धातूची चव येते.

गुळाबद्दल मला बरेच जण विचारतात, व्हेगनला, म्हणजे दूध-अंड्यासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांना, चालतो का म्हणून. चालतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात, दूध-तुपाचा त्यात सहसा संबंध नसतो. एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणा, त्यातही चॉकलेटी रंगाचा बघा, पिवळाधम्मक नको. किसून ताटात पसरून तासभर वाऱ्यावर ठेवा कारण ओलसर गूळ वरच्या थरात गेला की थर चिवट होतो. मध घालू नका, ॲलर्जीला तो आड येत नाही पण व्हेगन लोक मध खात नाहीत, तुमच्या पाहुण्यांत कोणी तसं असेल तर.

ॲलर्जीसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घेऊ नका, तो शाकाहारीचा आहे, त्यात दूध चालतं. मागं बारीक अक्षरात ॲलर्जनची ओळ असते तिथं दूध लिहिलंय का बघा. पहिल्या वर्षी मी वरच्या थरात बिस्किटांचा चुरा घातला होता, दुकानदार म्हणाला यात दूध नाही, पाकीट न वाचता घेतलं आणि त्यात दूध पावडर होती, भाचीच्या अंगावर गांधी उठल्या आणि रात्रीच डॉक्टरांकडं पळावं लागलं. तेव्हापासून बिस्किटं बंद, लोण्याऐवजी वापरतात ते मार्गरिनही बंद, त्यातही काहींत दुधाचा अंश असतो. तुपाचा हात लागलेला चमचा, लोणी लावलेला केकचा डबा, हे पण आधी गरम पाण्यानं साबण लावून धुवा.

भाजायचं सोपं आहे. ओटीजी १८० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवा, वर-खाली दोन्ही रॉड चालू, भांडं मधल्या रॅकवर. फळांवर पीठ नुसतं पसरायचं, दाबायचं नाही, दाबलं की वाफ अडकते आणि खालून ते ओलं राहतं. ३५ ते ४० मिनिटांत कडेनं रस बुडबुडे काढत वर येतो, घट्ट बुडबुडे दिसले की झालं. काढल्यावर वीस मिनिटं थांबा, गरम गरम वाढलं तर रस पातळच दिसेल. ओटीजी नसणाऱ्या कुणी वाचत असेल तर कुकरमध्ये करू नका, आच फक्त खालून असते, वर रंग येत नाही. त्यापेक्षा फळं कढईत शिजवा, पीठ तव्यावर मंद आचेवर खरपूस भाजा आणि वाढताना एकावर एक घाला.

सोबत आइस्क्रीमऐवजी नारळाचं दूध द्या. कोकणात शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, गुळाचा नारळरस देतात तसंच, दोन वाट्या घट्ट दुधाला दोन चमचे कॉर्नफ्लॉवर थंड असतानाच कालवून मंद गॅसवर दाट करा, गॅस बंद केल्यावर गूळ आणि वेलची घाला, आधी घातला तर फाटायची भीती असते.

आदल्या दिवशी करून ठेवलं तर थर मऊ पडतो, वाढायच्या आधी दहा मिनिटं परत ओव्हनला लावा. आणि मेणबत्ती त्या भुग्यात उभी राहत नाही, अर्धं सफरचंद पालथं करून मधोमध ठेवा आणि त्यात खोचा, आम्ही दरवर्षी तसंच करतो.