विमानावर वीज पडली तर ते कोसळतं का?

जूनमध्ये जळगावहून मुंबईला विमानाने जायचंय आणि वाटेत वीज पडली तर काय, असं तुम्ही विचारलंय. सहसा कोसळत नाही. मी मूळचा यावलकडचा, काम विमान देखभालीचं. वीज लागलेली विमानं स्वतः तपासली आहेत.

प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा वीज लागतेच. बहुतेक वेळा ती विमानच ओढवून घेतं. भारलेल्या ढगात ते शिरलं की नाकाशी किंवा पंखाच्या टोकाशी ठिणगी उठते आणि तिथूनच वीज सुरू होते. करंट बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून धावतो नि दुसऱ्या टोकाने, बरेचदा शेपटीकडून, निघून जातो. आतल्यांना लखलखाट दिसतो, दणका ऐकू येतो, बस्स. बोईंग ७८७ कार्बन फायबरचं, त्यातून वीज ॲल्युमिनियमइतकी सहज वाहत नाही, म्हणून त्याच्या बाह्यांगात तांब्याची जाळी घालतात.

उतरल्यावर आमची पाळी. टॉर्च घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत इंच इंच बघायचं. विमान पुढे पळत असतं, त्यामुळे वीज पत्र्यावर टप्पे घेत मागे सरकते आणि डाग ओळीने सापडतात: रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं) डोकं वितळून खळगा पडलेला, भोवती रंग करपलेला. पंखांच्या मागच्या कडेच्या बारीक काड्याही कधी जळून अर्ध्या उरतात. लोकांना वाटतं त्या वीज अडवतात. तसं नाही, हवेच्या घर्षणाने साचलेला भार सोडायला त्या असतात, रेडिओत खरखर होऊ नये म्हणून.

अपघात झालेच नाहीत असं नाही. ८ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत एल्कटनजवळ पॅन ॲमच्या बोईंग ७०७ च्या पंखातल्या टाकीत विजेमुळे इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला. ८१ जण गेले. त्यानंतर टाक्यांच्या सुरक्षेवर बरंच काम झालं.

भ्यायचंच तर ढगाला भ्या. ज्या ढगाखाली रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, त्याच्याच पोटात गारा आणि वर-खाली आपटणारा वारा असतो. मे २०२५ मध्ये दिल्ली-श्रीनगर विमानाचं नाक गारांनीच फोडलं होतं. त्यात जळगावला येणारं एटीआर विमान पंख्याचं, २५ हजार फुटांच्या वर जात नाही, आणि असल्या ढगाचा माथा ४० हजारांच्याही पुढे. वरून उडी मारणं शक्यच नाही. पायलट रडारवर बघून वळसा घालतो, नाहीतर विमान सुटतच नाही. तेव्हा उशीर झाला तर काउंटरवरच्या पोरांशी भांडू नका, आणि आत बसल्यावर पट्टा सोडू नका.