बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शाळेत शिक्षकांसमोर तंत्रज्ञानावर बोलायला कुणाला बोलवावं?

मोठ्या नावाच्या मागे लागू नका. रोज वर्गात मोबाईल-प्रोजेक्टर वापरणारा तालुक्यातलाच एखादा मराठी माध्यमाचा शिक्षक आणि जोडीला बेळगावच्या डाएटमधला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला) प्रशिक्षक बोलवा. माझं काम शिक्षक प्रशिक्षणाचंच आहे, म्हणून सांगतो: पुण्या-मुंबईचा वक्ता छान बोलतो, पण बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दाखवतो. आपल्याकडे मराठी माध्यमालाही पुस्तकं कर्नाटकची, त्यामुळे सोमवारी वर्गात ते कोड काय कामाचे? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण (२०२० चा ग्लोबल टीचर प्राइज) जरूर सांगा, मात्र नक्कल नको. वक्त्याला आधीच दोन अटी घाला:

- आपल्याच पुस्तकातला एक धडा, समजा पाचवीचे अपूर्णांक, शिकवून दाखवायचा.
- नेट बंद ठेवून. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात रेंज आणि लाईट दोन्हींचा भरवसा नाही. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ आधी डाउनलोड करून कसा चालवायचा, तेच शिकायचंय.

एक मात्र आहे, डाएटचं साहित्य बहुतेक कन्नडमध्ये असतं. मराठीत बोलणारा प्रशिक्षक हवा, हे पत्रातच लिहा.