यकृताच्या पेशींवर काम सुरू करताना

सगळा प्रयोग हेपजी2 वर उभा करू नकोस. ती पेशीरेषा यकृताच्या कर्करोगातून आलेली आहे. औषधांचं रूपांतर करणारी सायटोक्रोम पी450 एन्झाइम तिच्यात फारच कमी. पॅरासिटामॉलची इजा अभ्यासायची तर त्यांपैकी सीवायपी2ई1 हे एन्झाइम हवंच. तेच पॅरासिटामॉलपासून नॅपक्वी हे विष तयार करतं आणि ते विष पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं.

म्हणून उंदराच्या यकृतातून ताज्या पेशी काढायला शिक. यकृताच्या रक्तवाहिनीत नळी घालून आधी कॅल्शियमविरहित ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) बफर सोडायचं, मग कॅल्शियमसह कोलॅजिनेज (पेशींना जोडणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम), दोन्ही 37 अंशांना. बफर नीट गेलं की यकृत बघता बघता फिकट पडतं. लाल डाग राहिले तर बहुधा नळीतून हवेचा बुडबुडा गेलाय. खरं सांगते, निम्मं यश इथेच ठरतं. पुढे सेंट्रिफ्यूज 50 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 50 पट) वरच ठेव. मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगाने तपासून जिवंत पेशी 80 टक्क्यांखाली दिसल्या तर जीव तुटला तरी ती बॅच सोडून दे.

साध्या प्लेटवर या पेशींचे यकृताचे गुण एक-दोन दिवसांतच ओसरू लागतात, तेव्हा प्रयोग आधीच आखून ठेव. आणि द्रावक म्हणून डीएमएसओ जपून वापर. ते सीवायपी2ई1 लाच अडवतं, मग इजा कमी दिसते आणि श्रेय भलत्याच औषधाला जातं.